गिटहब डिस्कशन्स : ज्या चर्चेला शेवट नाही तिच्यासाठी कितपत उपयोगी?

मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत शब्दसंग्रहाचे काम आम्ही काही जण फावल्या वेळात करतो. हा संग्रह हनस्पेल या तपासनीसासाठी आहे. लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्समध्ये मराठी लिहिताना चुकीच्या शब्दाखाली जी लाल नागमोडी रेघ येते, ती अशाच एखाद्या शब्दसंग्रहाच्या आधारे येते. आमच्या प्रकल्पात एकाने नोंद केली की ‘नांव’ हा शब्द चुकीचा दाखवला जातो. नियमाने पाहिले तर उत्तर एका ओळीचे होते. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, त्यांनी उच्चारात न येणारे जुने अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे आज ‘नाव’ बरोबर आणि ‘नांव’ चूक. परंतु नोंद करणारे गृहस्थ त्या नियमांच्या आधी छापलेले एक पुस्तक संगणकावर उतरवत होते, आणि त्यांच्या दृष्टीने मूळ पुस्तकातले ‘नांव’ हेच बरोबर होते.

तीन आठवड्यांत ही नोंद कुठल्या कुठे गेली. तपासनीसाने नियम राखावा की वापर नोंदवावा, कोकणातल्या काही बोलींत तो नाकातला उच्चार अजून ऐकू येतो त्याचे काय, जुन्या लेखनाला चूक म्हणण्याचा अधिकार एखाद्या सॉफ्टवेअरला असावा का, असे एकातून एक प्रश्न निघत गेले आणि सगळे मोलाचे होते. शेवटी आमच्यापैकी एकाने जुन्या लेखनाची वेगळी फाइल करायचे ठरवले आणि सवयीने ती नोंद ‘बंद’ केली. त्या चर्चेत सर्वांत अभ्यासपूर्ण लिहिणाऱ्या एका निवृत्त मुद्रितशोधकांना तशी ई-मेल गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ‘अहो, मी मत मांडलं होतं, तक्रार केली नव्हती. मग ती बंद कसली केलीत?’

व्यासपीठाचे नाव सांगत नाही, कारण दोष कोणा एका कंपनीचा नव्हता. कोड साठवणाऱ्या कोणत्याही व्यासपीठावर हेच झाले असते. मात्र त्या प्रश्नानंतर, आमची चर्चा पुढे कुठे चालवावी हे ठरवण्यासाठी, या क्षेत्रातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सोयीचा, म्हणजे गिटहबच्या डिस्कशन्स या विभागाचा, मी नेटाने अभ्यास केला आणि मोठ्या प्रकल्पांनी आपली चर्चा कशी हाताळली तेही पाहिले. हे परीक्षण त्यातून आले आहे.

गिटहब २००८ साली सुरू झाले. त्याच्या पायाशी असलेली, कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी गिट ही प्रणाली लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिली होती. या व्यासपीठाची मूळ एकके ठरलेली आहेत: कोडचा साठा म्हणजे रेपो, त्यातील प्रत्येक बदल म्हणजे कमिट, बदल स्वीकारण्याची विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट, आणि अडचण किंवा काम नोंदवायचे ते इश्यू. यांपैकी इश्यूला दोनच अवस्था असतात, उघडा आणि बंद. मेन्टेनर, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणारा, सकाळी रेपो उघडतो तेव्हा त्याच्यासमोर उघड्या इश्यूंची संख्या असते, आणि ती कमी करणे हे चांगल्या देखभालीचे लक्षण मानले जाते. दोष दुरुस्त करण्याच्या कामाला ही रचना अगदी योग्य आहे. तरीही अनेक वर्षे प्रश्न, सूचना, तक्रारी, तात्त्विक वाद हे सगळे याच एका साच्यात ओतले जात होते, कारण गिटहबवर बोलायला दुसरी जागाच नव्हती.

त्याचा ताण उघडपणे दिसला तो जानेवारी २०१६ मध्ये. अनेक नामांकित मुक्तस्रोत प्रकल्पांच्या मेन्टेनरांनी गिटहबला एक खुले पत्र लिहिले. त्यांच्या तक्रारींपैकी एक अशी होती की इश्यूखाली लोक नुसते ‘प्लस वन’, म्हणजे ‘मीही सहमत’, लिहून जातात, त्या प्रत्येक प्रतिक्रियेची सूचना सर्वांना जाते आणि कामाचा मजकूर त्यात बुडतो. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गिटहबने इश्यूसाठी नमुना-मसुदे आणि इमोजी-प्रतिक्रिया आणल्या, आणि गोंगाट बराच कमी झाला. पण गोंगाट कमी होणे वेगळे आणि बोलण्याला जागा मिळणे वेगळे. डिस्कशन्स हा स्वतंत्र विभाग मे २०२० मध्ये चाचणीसाठी आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वांना खुला झाला.

आधी जे चांगले आहे ते मनापासून सांगते. सार्वजनिक रेपोसाठी हा विभाग विनामूल्य आहे आणि रेपोच्या मांडणीत एक खूण करताच सुरू होतो. चर्चेचे वर्ग आपल्याला हवे तसे करता येतात, एका रेपोत पंचवीसपर्यंत. प्रत्येक वर्गाचे स्वरूप घोषणा, प्रश्नोत्तर, मतदान किंवा खुली चर्चा असे ठरवता येते. एखादा इश्यू चुकीच्या ठिकाणी आला असेल तर तो डिस्कशनमध्ये बदलता येतो, आणि चर्चेतून काम निष्पन्न झाले तर त्यातून नवा इश्यू तयार करता येतो. कोडच्या विशिष्ट ओळीचा दुवा दिला की ती ओळच चर्चेत उमटते. आलेल्या ई-मेलला तिथूनच उत्तर दिले तरी ते चर्चेत पोहोचते, ही सोय आमच्यासारख्या मिश्र वयाच्या गटाला फार मोलाची वाटते.

यातील प्रश्नोत्तराचे स्वरूप तर खरोखर उत्तम आहे. ‘कवि’ लिहावे की ‘कवी’, असा प्रश्न आला आणि कोणी उत्तर दिले की शब्दाच्या शेवटी येणारा इकार मराठीत दीर्घ लिहितात, म्हणून ‘कवी’, पण सामासिक शब्दात पूर्वपद ऱ्हस्व राहते, म्हणून ‘कविवर्य’, तर त्या उत्तरावर खूण करता येते, ते प्रश्नाच्या लगेच खाली दिसू लागते आणि पुढच्या वाचकाचा वेळ वाचतो. ज्या प्रश्नाला उत्तर आहे, त्या प्रश्नासाठी यापेक्षा सोपी व्यवस्था मला माहीत नाही.

अडचण सुरू होते ती ज्या प्रश्नाला असे उत्तर नाही तिथे. ‘नांव’ची चर्चा प्रश्नोत्तरात टाकली असती तर कोणाच्या उत्तरावर खूण केली असती? ती खुल्या चर्चेच्या वर्गात जायला हवी हे उघड आहे, पण तिथे पोहोचल्यावरही व्यासपीठाचा मूळ स्वभाव पाठ सोडत नाही. डिस्कशन्स आले तेव्हा त्यात ‘बंद करा’ हे बटण नव्हते. पुढे मेन्टेनरांच्या सोयीसाठी तेही आले, आणि बंद करण्याची कारणे तीन दिली गेली: निकालात निघाली, कालबाह्य झाली, किंवा दुसऱ्या चर्चेची पुनरावृत्ती आहे. शेकडो चर्चा सांभाळणाऱ्यांना ही सोय हवीशी वाटणे स्वाभाविक आहे, हे मी समजू शकते. परंतु समाज एखाद्या विषयावर वर्षानुवर्षे बोलत राहतो, मध्येच थांबतो, नव्या माणसासोबत पुन्हा सुरू करतो, आणि त्यातून निकालाऐवजी एक सामायिक समज तयार होते, ही कल्पना या तीन कारणांत कुठेच बसत नाही.

उत्तरांच्या मांडणीकडेही बारकाईने पाहायला हवे. डिस्कशनमध्ये मूळ मजकुराखाली प्रतिक्रिया येते आणि त्या प्रतिक्रियेखाली उत्तरे येतात. त्या उत्तराला उत्तर द्यायचे तर पुन्हा त्याच पातळीवर खाली लिहावे लागते. म्हणजे फांदी एकच पातळी खोल जाते. दहा-वीस प्रतिक्रियांच्या चर्चेत हे नेटके दिसते. शंभराच्या पुढे गेल्यावर मात्र एकाच प्रतिक्रियेखाली चार वेगवेगळे संवाद एकमेकांत मिसळतात, आणि कोण कोणाला उत्तर देतो आहे हे उद्धृत केलेल्या ओळींवरून ताडावे लागते. इश्यूमध्ये तर फांदीच नाही. सगळे एका रांगेत, आणि रांग लांबली की मधला भाग दुमडला जातो, तो पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा ‘आणखी दाखवा’ म्हणावे लागते. नवा माणूस सुरुवातीचा भाग वाचतो, शेवटचा वाचतो, आणि मधे तीन वेळा उत्तर दिला गेलेला मुद्दा चौथ्यांदा मांडतो. त्यात त्याची चूक नसते, कारण ती उत्तरे त्याला दिसलेलीच नसतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गो या प्रोग्रॅमिंग भाषेचे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण तिथल्या मंडळींनी अडचण ओळखून एकामागून एक मार्ग करून पाहिले. गोमध्ये त्रुटी हाताळण्यासाठी त्याच त्या ओळी वारंवार लिहाव्या लागतात. त्या कमी करण्यासाठी ‘ट्राय’ नावाचे एक अंगभूत फंक्शन आणावे, असा प्रस्ताव जून २०१९ मध्ये गिटहबवर इश्यू म्हणून मांडला गेला. सुमारे सहा आठवड्यांत त्यावर आठशेहून अधिक प्रतिक्रिया आल्या आणि जुलैमध्ये प्रस्ताव मागे घेण्यात आला. मागे घेणे योग्य होते की नाही हा या लेखाचा विषय नाही. पण आठशे प्रतिक्रियांची एकेरी रांग वाचून समाजाचे म्हणणे काय आहे हे कोणीही माणूस प्रामाणिकपणे कसे ठरवू शकेल, हा प्रश्न त्या इश्यूने उभा केला. असे ठरवायचे तर कोणाला तरी मधेच सारांश लिहावा लागतो, आणि रांग वाढत गेली की तो सारांशही दुमडलेल्या भागात गडप होतो.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, गोच्या गटाने फाइल-प्रणालीचा नवा इंटरफेस आणि प्रोग्रॅममध्येच फाइल अंतर्भूत करण्याची सोय या दोन मसुद्यांवरची चर्चा प्रयोग म्हणून रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर नेली, कारण तिथे उत्तरांच्या फांद्या खोलवर जाऊ शकतात. कोड गिटहबवर, प्रस्ताव गिटहबवर, पण बोलायला मात्र दुसऱ्याच्या अंगणात जावे लागते, यातच इश्यूच्या रचनेविषयी पुरेसे सांगून झाले असे मला वाटते. पुढे त्यांनी मोठ्या प्रस्तावांसाठी डिस्कशन्स वापरायला घेतले. लूपमधील चल प्रत्येक फेरीत नवे असावे की सर्व फेऱ्यांत एकच असावे, हा गोमधला जुना, अनेकांना ठेच लागलेला प्रश्न ऑक्टोबर २०२२ मध्ये डिस्कशन म्हणून मांडला गेला, तिथे तावूनसुलाखून निघाल्यावर २०२३ मध्ये रीतसर प्रस्तावाचा इश्यू झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या गो १.२२ मध्ये बदल प्रत्यक्षात आला. आधी चर्चा, मग प्रस्ताव, मग निर्णय, अशी ही वाट आहे आणि ती चालली.

मात्र ती कशामुळे चालली हे नीट पाहिले पाहिजे. चर्चा सुरू करणाऱ्यांनी आधीच एक निश्चित मसुदा तयार ठेवला होता आणि प्रश्नाची हद्द आखलेली होती. म्हणजे डिस्कशन्सने साथ दिली ती अशा चर्चेला, जिचा शेवट कुठे तरी दिसत होता. रस्ट भाषेत ‘अवेट’ हा शब्द कुठे आणि कसा लिहावा यावर जानेवारी २०१९ पासून गिटहबच्या इश्यूवर शेकडो प्रतिक्रियांचा वाद चालला. मे महिन्यात निर्णय झाला आणि नोव्हेंबरमध्ये रस्ट १.३९ मध्ये ती सोय आली. तिथे प्रश्न निव्वळ लेखनपद्धतीचा होता, पर्याय मोजके होते, आणि तरीही तो इश्यू आज नव्या वाचकाला उलगडत नाही.

डिस्कशन्समधली जी उणीव मला सर्वांत जास्त खुपते ती वेगळीच आहे: चर्चेचा एखादा भाग कापून वेगळा करता येत नाही. ‘नांव’च्या चर्चेत कोकणातल्या उच्चाराचा मुद्दा आला, तो स्वतंत्र विषय होता. कोणत्याही जाणत्या सभाध्यक्षाने म्हटले असते की हा मुद्दा चांगला आहे, आपण तो वेगळा घेऊ. डिस्कोर्स या मुक्तस्रोत चर्चाप्रणालीत, जी २०१३ पासून उपलब्ध आहे, संचालक नेमक्या त्या पाच-सात प्रतिक्रिया निवडून त्यांचा नवा विषय करतो, दोन विषय एकत्रही करू शकतो, आणि वाद तापला तर प्रत्येकाने काही काळाने एकदाच लिहावे अशी संथ गतीही लावू शकतो. गिटहबवर आख्खी चर्चा दुसऱ्या वर्गात किंवा त्याच मालकाच्या दुसऱ्या रेपोत हलवता येते, प्रतिक्रिया लपवता येते, चर्चेला कुलूप लावता येते, ठरावीक मुदतीपुरते नवख्यांचे लिहिणे थांबवता येते. ही सगळी साधने आवर घालण्याची आहेत. बोलणाऱ्यांना दुखावल्याशिवाय बोलणे मार्गी लावण्याचे साधन त्यात नाही.

आवर घालण्याचा अधिकार कोणाकडे असतो हेही तपासावे. गिटहबवरच्या भूमिका कोडच्या भोवती रचलेल्या आहेत. संस्थेच्या नावाने खाते असेल तर नियंत्रक नेमता येतात, कोडला हात न लावता चर्चा सांभाळण्याची भूमिकाही देता येते. परंतु रेपो एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर असेल, आणि छोटे प्रकल्प बहुधा तसेच सुरू होतात, तर तिथे मालक आणि सहयोगी एवढ्याच दोन पायऱ्या आहेत, आणि सहयोगी म्हटला की त्याला कोड बदलण्याची मुभा आलीच. म्हणजे आमच्या मुद्रितशोधकांनी चर्चेचे सूत्रसंचालन करावे असे वाटले, तर ज्या फाइलींना ते कधी हात लावणार नाहीत त्यांच्या किल्ल्याही त्यांच्या हाती द्याव्या लागतात. नावापुढे लागणारी खूणही तशीच. एक कमिट केलेल्याला ‘योगदानकर्ता’ अशी पाटी मिळते. चार वर्षे नियमांचे बारकावे समजावून सांगणाऱ्याच्या नावापुढे काहीच येत नाही. डिस्कोर्समध्ये वाचन, लेखन आणि सातत्य पाहून शून्य ते चार अशा विश्वासाच्या पायऱ्या वाढत जातात. ती पद्धत परिपूर्ण आहे असे नाही, पण बोलणे हेही काम आहे हे तिने मान्य केले आहे.

मराठी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी बाब म्हणजे या जागेचा उंबरठा. गिटहबचे वापरण्याचे पडदे इंग्रजीतच आहेत. खाते काढणे, रेपो म्हणजे काय हे समजणे, मजकुराच्या मांडणीसाठी मार्कडाउनच्या खुणा सांभाळून लिहिणे या गोष्टी प्रोग्रॅमरला श्वासासारख्या सहज असतात, इतरांना नसतात. कोडमध्ये भर घालणाऱ्यांना २०२३ पासून दुहेरी पडताळणीही बंधनकारक होत गेली, जी सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यकच आहे. पण या सर्वांचा मिळून परिणाम असा होतो की ज्यांच्याशी बोलायला हवे तेच बाहेर राहतात.

देवनागरी फॉन्टचे उदाहरण घ्या. आज अनेक मुक्त देवनागरी फॉन्टांचे काम गिटहबवर उघडपणे चालते. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली. फॉन्टमध्ये भाषा मराठी आहे असे कळल्यावर ही वळणे आपोआप यावीत अशी तांत्रिक सोय आहे. ती चालत नसेल तर तो सरळसरळ दोष, त्याचा इश्यू करावा आणि दुरुस्त झाल्यावर बंद करावा. ‘दऱ्या’ किंवा ‘कऱ्हाड’ यांतला चंद्रकोरीसारखा र तुटला तर तेही तसेच. परंतु पाकळीची गोलाई किती असावी, शाळेत गिरवलेले वळण आणि छापील वळण यांत किती अंतर चालेल, हिंदीच्या सवयीने वाचणाऱ्या मराठी मुलांना कोणते रूप जवळचे वाटते, हे दोष नव्हेत. यावर सुलेखनकार, प्राथमिक शिक्षक, छापखान्यात आयुष्य घालवलेली माणसे यांनी बोलायला हवे. त्यांच्यातले फारच थोडे गिटहबवर पोहोचतात. चर्चा तिथे होते, ती खुलीही असते, आणि तरी ती फक्त प्रोग्रॅमरांची आणि अक्षररचनाकारांची होऊन राहते.

आणखी एक मुद्दा थोडक्यात. गिटचा मोठा गुण असा की रेपोची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे त्याचा आख्खा इतिहास जातो. इश्यू आणि डिस्कशन्स यांना हे लागू नाही. ती फक्त गिटहबच्या सर्व्हरवर राहतात आणि हवी असल्यास वेगळ्या मार्गाने उतरवून घ्यावी लागतात. गूगल कोड हे असेच एक मोठे व्यासपीठ जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले, ही आठवण ज्यांना आहे त्यांना याचे गांभीर्य सांगायला नको. गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे आणि उद्या बंद पडेल असे मी म्हणत नाही. पण अमेरिकी निर्बंधांमुळे जुलै २०१९ मध्ये इराण, सीरिया आणि क्रिमियातील वापरकर्त्यांच्या खात्यांवर मर्यादा आल्या होत्या, आणि इराणपुरती वाट जानेवारी २०२१ मध्ये परवाना मिळाल्यावर मोकळी झाली. कोड प्रत्येकाच्या संगणकावर होता. संवाद मात्र एका दाराआड होता.

ज्यांनी आपली चर्चा वेगळी ठेवली त्यांचा अनुभव म्हणूनच अभ्यासावा. स्विफ्ट भाषेने जानेवारी २०१८ मध्ये आपली सर्व चर्चा डिस्कोर्सवर नेली. भाषेतील बदलाचा प्रस्ताव आजही गिटहबवरच्या रेपोत फाइल म्हणून राहतो, पण त्याची कल्पना मांडणे, तिच्यावर खल करणे आणि परीक्षण करणे हे डिस्कोर्सवर होते, आणि निर्णय झाल्यावर त्या चर्चेचा दुवा प्रस्तावाच्या माथ्यावर लागतो. पायथनचा कोड २०१७ मध्ये गिटहबवर आला आणि दोषांच्या नोंदी एप्रिल २०२२ मध्ये आल्या, परंतु त्याच वर्षी भाषेच्या विकासाची जुनी ई-मेल चर्चा त्यांनी गिटहबवर न आणता स्वतःच्या डिस्कोर्सवर नेली. गिटहबवर असूनही, डिस्कशन्स उपलब्ध असूनही, असे ठरवणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

मराठीपुरते पाहायचे तर विकिपीडियाकडे पाहावे. मराठी विकिपीडियावर धोरणाची चर्चा ‘चावडी’ नावाच्या पानावर होते. तिथले पडदे मराठीत आहेत आणि लिहिण्यासाठी प्रोग्रॅमिंगचा गंध लागत नाही. विकीच्या मांडणीत एखादा तांत्रिक बदल करून घ्यायचा असेल तर फॅब्रिकेटर या कामनोंदणीच्या प्रणालीवर विनंती करावी लागते, आणि त्या विनंतीसोबत स्थानिक समाजाची सहमती दाखवणारा दुवा मागितला जातो. बोलणे एका ठिकाणी, काम दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंना जोडणारा एक दुवा. इतकी साधी शिस्त आहे, पण तिच्यामुळे चावडीवर बोलणाऱ्याला कोणी तुमचे म्हणणे बंद केले असे कळवत नाही.

वेगळ्या जागेची किंमतही आहे, ती लपवणे योग्य नव्हे. डिस्कोर्स स्वतः चालवायचे तर सर्व्हर लागतो, त्याची निगा लागते, अनावश्यक जाहिरातबाजी हटवायला माणूस लागतो, आणि सदस्यांना आणखी एक खाते काढावे लागते. झुलिप या गटसंवादाच्या प्रणालीत विषयवार गप्पांची सोय फार चांगली आहे, पण ओघात बोलण्याचा वेग तिथे जास्त, आणि सावकाश, विचार करून लिहिणाऱ्यांची त्यात दमछाक होते. दोन-तीन माणसांच्या प्रकल्पाने हा पसारा मांडू नये. त्यांनी डिस्कशन्स जरूर वापरावे. प्रश्नोत्तरे, घोषणा आणि ‘मी हे करून पाहिले’ अशी देवाणघेवाण तिथे सुरेख चालते. वापरणारे बहुतेक प्रोग्रॅमर असतील तर मोठ्या प्रकल्पालाही, मसुदा हातात ठेवून, मुदत सांगून घेतलेली चर्चा तिथे पेलते हे गोने दाखवले आहे. मात्र ज्या प्रकल्पाचा विषय भाषा, लिपी, शिक्षण, आरोग्य असा समाजाला भिडणारा आहे, त्याने आपली एकमेव चर्चेची जागा म्हणून कोड साठवण्याचे व्यासपीठ निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही काय केले तेवढे सांगते. दोष आणि नवे शब्द यांच्या नोंदी होत्या तिथेच ठेवल्या. नियमाने उत्तर देता येईल असे प्रश्न प्रश्नोत्तरात नेले. उरलेल्या खुल्या चर्चेसाठी एक साधा ई-मेल गट केला. दर तिमाहीला आमच्यापैकी एक जण त्या चर्चेचा सारांश लिहितो, तो रेपोत फाइल म्हणून जातो, म्हणजे प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे तोही जातो. पहिला सारांश अर्थातच ‘नांव’विषयी होता. मुद्रितशोधकांनी तो तपासला, त्यातल्या दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला, आणि मथळ्याखाली त्यांच्या सांगण्यावरून आम्ही एक ओळ घातली: चर्चा चालू आहे.